विसार दिलेली जहाजं

लग्नाची साडी मागावर घालायची तर आधी विसार द्यावा लागतो, हे शहापुरातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. विसार घेतला की विणकर शब्दाला बांधला गेला. मग काठ कुठला, पदर केवढा, रंग कसला ते ठरतं, मधूनमधून पैसे जात राहतात, आणि ठरल्या दिवशी साडी हातात येते. आता समजा, पैसे भरत आणलेत, साडी मागावरून उतरलीय, तुम्ही पिशवी घेऊन दारात उभ्या आहात, आणि आतून निरोप आला, "आमच्याच घरात लग्न निघालंय, साडी आम्ही ठेवून घेतली, पैशांचं पुढं बघू." काय कराल? पैसे परत मिळाले तरी त्या दाराची पायरी पुन्हा चढाल का?

१९१४ च्या ऑगस्ट महिन्यात अगदी असंच घडलं. साडीच्या जागी दोन प्रचंड युद्धनौका होत्या. विसार दिला होता तुर्कस्ताननं, बांधत होते इंग्लंडमधले कारखाने, आणि ठेवून घेतल्या ब्रिटनच्या आरमारानं. शाळेच्या इतिहासात हा प्रसंग आला तर एका ओळीत येतो. पण मला तो बायकांनी नीट समजून घ्यावा असा वाटतो, दोन कारणांसाठी. एक तर त्या जहाजांच्या पैशांत तिकडच्या बायकांचे दागिने होते. आणि दुसरं म्हणजे, त्या व्यवहारानंतर जे युद्ध पेटलं, त्यात आपल्या बेळगाव, कोल्हापूर, सातारा, रत्नागिरीकडची पोरं बसऱ्याच्या वाळवंटात गेली. मधला धागा लांब आहे, पण तुटलेला नाही. तो एकेक करून सोडवू या.

तेव्हाचा तुर्कस्तान म्हणजे आजचा एवढासा देश नव्हे. उस्मानी सुलतानाचं ते मोठं साम्राज्य होतं. मक्का, मदिना, जेरुसलेम, बगदाद, बसरा ही सगळी त्याच्या अमलाखाली होती. पण घर मोठं आणि वासे पोकळ, अशी त्याची गत झाली होती. कर्ज वाढलेलं, आणि आरमार तर जुनाट, गंजलेलं. १९१२ साली बाल्कन युद्ध सुरू झालं आणि युरोपातला बहुतेक मुलूख सुलतानाच्या हातून गेला. समुद्रावर ग्रीसनं त्याला डोकं वर काढू दिलं नाही. ग्रीसकडं 'अवेरोफ' नावाची एक नवी, दणकट युद्धनौका होती. या नौकेची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. इजिप्तमध्ये व्यापार करून श्रीमंत झालेल्या गेओर्गिओस अवेरोफ या ग्रीक व्यापाऱ्यानं मृत्युपत्रात आरमारासाठी पैसा ठेवला होता, त्यातून तिची काही किंमत भागली, म्हणून तिला त्याचं नाव. एका व्यापाऱ्याच्या देणगीतून आलेलं एक जहाज, आणि त्याच्यापुढं साम्राज्याचं आरमार बंदरात दडून बसलं. तुर्की माणसाला हे फार लागलं.

पण सरकारच्या तिजोरीत खडखडाट. मग लोक पुढं आले. १९०९ साली इस्तंबूलमध्ये आरमाराला मदत करणारी एक संस्था निघाली होती, 'दोनान्मा जेमियेती', म्हणजे आरमार मंडळ. तिच्या शाखा गावोगाव झाल्या. तिचं मासिक निघे. शाळेतली मुलं पैसा पैसा जमवत, कारकून पगारातून वर्गणी देत, आणि देणगी देणाऱ्याला पदक मिळे. बायकांनी बांगड्या दिल्या, कर्णफुलं दिली. ज्यांच्याकडं सोनं नव्हतं त्यांनी डोक्याचे केस विकून पैसे दिले, अशी आठवण तिकडं अजून सांगितली जाते.

केसांची गोष्ट किती घरांत घडली हे बाजूला ठेवू. पण दागिना देणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. शहापूरच्या सराफ गल्लीत ज्या बाईनं एकदा तरी मोड घातलीय, तिला ठाऊक आहे. सोनं तराजूत पडतं तेव्हा वजन सराफ सांगतो. पण ती पाटली आईनं घातलेली होती की पहिल्या बाळंतपणात मिळालेली, हे तराजूवर उमटत नाही. बाईनं दिलेल्या दागिन्याला एक किंमत असते आणि एक मोल असतं. सरकारी कागदावर पहिलीच लिहितात.

वर्गणीच्या पैशातून आधी काही लहान लढाऊ बोटी आल्या. १९१० साली जर्मनीकडून चार विनाशिका घेतल्या. त्यांतल्या एकीचं नाव होतं 'मुआवेनेत-इ-मिल्लिये', अर्थ साधारण 'राष्ट्राची मदत'. लोकांच्या पैशातून आली म्हणून तसं नाव. हे नाव लक्षात ठेवा, पुढं पुन्हा यायचंय.

पण खरी हौस होती ती 'ड्रेडनॉट' जातीच्या मोठ्या युद्धनौकांची. त्या काळात ज्याच्या दारात ड्रेडनॉट त्याला मान, अशी रीतच पडली होती. तुर्कस्ताननं १९११ साली इंग्लंडातल्या बॅरो गावी विकर्स कंपनीकडं एक नौका सांगितली, 'रेशादिये'. सुलतान महंमद रेशाद यांच्या नावावरून हे नाव. तिच्यावर साडेतेरा इंची दहा तोफा. ३ सप्टेंबर १९१३ ला ती पाण्यात उतरली.

दुसरी नौका मुळात तुर्कस्तानची नव्हतीच. तिला सांगितलं होतं ब्राझीलनं. रबर आणि कॉफी विकून ब्राझीलकडं बक्कळ पैसा आला होता आणि शेजाऱ्यांत चुरस लागली होती. म्हणून न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कारखान्याला त्यांनी सांगितलं, आम्हाला सगळ्यांत जास्त तोफांचं जहाज पाहिजे. कारखान्यानं तसंच बांधलं. १२ इंची १४ तोफा, दोन-दोन तोफांचे सात फिरते बुरूज. इतक्या मोठ्या तोफा तोवर कुठल्याच युद्धनौकेवर नव्हत्या, आणि नंतरही कुणी चढवल्या नाहीत. लांबी पावणेसातशे फुटांच्या घरात. नाव ठेवलं 'रिओ द जानेरो'. पण रबराचे भाव कोसळले, ब्राझीलचा हात आखडला, आणि अर्धं बांधलेलं जहाज त्यांनी विकायला काढलं. निपाणीच्या तंबाखूचा भाव पडला की त्या हंगामात ठरलेली घरबांधणी कशी थांबते, ते आपण बघितलंय. तसंच ते.

गिऱ्हाईकं दोन होती, ग्रीस आणि तुर्कस्तान. दोघंही एकमेकांच्या धास्तीनं ते घ्यायला धावत होते. डिसेंबर १९१३ मध्ये तुर्कस्ताननं बाजी मारली. किंमत २७ लाख २५ हजार पौंड. तेव्हा पौंडाला १५ रुपये पडत, म्हणजे चार कोटी आठ लाखांवर रुपये. त्याच काळात आपल्याकडच्या पलटणीतल्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता, त्यावरून ही रक्कम केवढी ते बघा. वर्गणीनं एवढं भागणार नव्हतंच, मोठं कर्ज काढावं लागलं. पण लोकांच्या मनात ती नौका लोकांचीच होती. तिचं नवं नाव 'सुलतान उस्मान', उस्मानी घराण्याच्या मूळपुरुषाचं. आपल्याकडं एखाद्या जहाजाला 'शिवाजी' नाव द्यावं, तितक्या अभिमानाचं.

१९१४ च्या जुलैत 'सुलतान उस्मान' जवळजवळ तयार झाली. न्यायला तुर्की खलाशी न्यूकॅसलला पोचले. सुमारे ५०० माणसं 'नेशिद पाशा' नावाच्या बोटीवर टाइन नदीत थांबली होती. त्यांचा कप्तान होता रऊफ बे. बाल्कन युद्धात 'हमिदिये' नावाच्या एकट्या नौकेवरून ग्रीकांना दमवणारा हा माणूस, तुर्की घरांत पोराटोरांना माहीत असलेला. नदीच्या एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला त्यांचं जहाज. इस्तंबूलमध्ये स्वागताची तयारी.

इकडं युरोपवर युद्धाचे ढग जमले होते. २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, २८ जुलैला ऑस्ट्रियानं सर्बियावर युद्ध पुकारलं. ब्रिटिश आरमाराचा मंत्री होता विन्स्टन चर्चिल, वय ३९. त्याच्यापुढं हिशेब असा, जर्मनीशी युद्ध झालं तर उत्तर समुद्रात एकेक ड्रेडनॉट मोलाची. आपली जहाजं जर्मनीपेक्षा जास्त आहेत खरी, पण फार जास्त नाहीत. अशा वेळी आपल्याच कारखान्यातून दोन पहिल्या प्रतीच्या नौका बाहेर जाऊ द्यायच्या? आणि उद्या तुर्कस्तान शत्रूला मिळाला तर? कायदेतज्ज्ञांनी एक अडचण दाखवली. एकदा का परक्या देशाचा झेंडा जहाजावर चढला की ते त्या देशाचं झालं, मग हात लावणं कठीण. तेव्हा जे करायचं ते झेंडा चढायच्या आत.

३१ जुलैला ब्रिटिश मंत्रिमंडळानं होकार दिला. १ ऑगस्टला सशस्त्र ब्रिटिश सैनिक 'सुलतान उस्मान'वर चढले. रऊफ बे आणि त्याची माणसं बघत राहिली. 'रेशादिये'चंही तेच झालं. ३ ऑगस्टला तुर्कस्तानला रीतसर कळवण्यात आलं. 'सुलतान उस्मान'चं नाव झालं 'एजिनकोर्ट', 'रेशादिये'चं 'एरिन'. नाव बदललं की वस्तू आपली झाली, असं सगळ्याच काळातल्या सत्ताधाऱ्यांना वाटत आलंय.

आता इंग्रजांची बाजूही मांडायला हवी, नाहीतर हा इतिहास न राहता नुसतं गाऱ्हाणं होईल. युद्ध दारात आलं असताना स्वतःच्या कारखान्यातली शस्त्रं बाहेर जाऊ द्यायची नाहीत, असं प्रत्येक देशानं केलं. जर्मनीनं रशियासाठी डान्झिगला बांधत असलेल्या दोन क्रूझर अशाच ठेवून घेतल्या, त्यांना 'पिलाऊ' आणि 'एल्बिंग' नावं दिली. ब्रिटननं नॉर्वेनं सांगितलेल्या दोन नौका घेतल्या, ब्राझीलच्या नदीत चालायच्या तीन तोफबोटी घेतल्या. चिली देशाची 'आल्मिरान्ते लातोरे' ही मोठी युद्धनौकाही घेतली. पण इथंच फरक बघा. चिलीशी बोलणी झाली, सप्टेंबरात रीतसर खरेदी झाली, आणि युद्ध संपल्यावर १९२० साली तीच नौका चिलीला परत मिळाली. चिली मित्र राहिला. तुर्कस्तानला मात्र आधी विचारलं नाही. झेंडा चढू नये म्हणून घाई केली, आणि मग सांगितलं. वस्तू तीच, गरज तीच, पण एकाला विचारून घेतलं आणि दुसऱ्याला न विचारता.

आपल्याकडं न दिलेलं घेण्याला अदत्तादान म्हणतात. त्यात मोबदला मागून दिला की नाही हा प्रश्न पहिला येत नाही. देणाऱ्यानं आपल्या हातानं दिलं का, हा पहिला प्रश्न.

मोबदल्याची भाषा ब्रिटननंही केली. तुर्कस्तान युद्धात तटस्थ राहिला तर जहाजं वापरल्याबद्दल दिवसाला हजार पौंड देऊ, युद्ध संपल्यावर जहाजांचा हिशेब करू. हजार पौंड म्हणजे १५ हजार रुपये, आपल्याकडच्या साडेतेराशे शिपायांचा महिन्याचा पगार. रक्कम काही लहान नव्हती. पण ज्या बाईनं बांगडी दिली होती, तिला ते भाडं कोण नेऊन देणार होतं?

इस्तंबूलात संताप उसळला, आणि तेवढ्यात जर्मनीला संधी मिळाली. 'गोबेन' आणि 'ब्रेस्लाऊ' या दोन जर्मन युद्धनौका भूमध्य समुद्रात होत्या. ब्रिटिश आरमार त्यांच्या मागावर होतं. त्यांना चुकवून १० ऑगस्टला त्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत शिरल्या. तटस्थ देशानं लढणाऱ्या देशाच्या नौकांना थारा द्यायचा नसतो. त्यावर युक्ती निघाली. १६ ऑगस्टला त्या दोन्ही तुर्कस्ताननं 'विकत घेतल्या'. 'गोबेन'चं नाव झालं 'यावूज सुलतान सेलीम', 'ब्रेस्लाऊ'चं 'मिदिल्ली'. त्यांच्यावरच्या जर्मन खलाशांनी डोक्यावर तुर्की फेज टोप्या चढवल्या. त्यांचा सेनापती सूशोन तुर्की आरमाराचा प्रमुख झाला. इंग्रजांनी आपली दोन जहाजं घेतली, जर्मनांनी दोन दिली, असा साधा हिशेब रस्त्यावरच्या माणसाला पटला. देणाऱ्याचा डाव वेगळा आहे, हे ओळखायची ती वेळच नव्हती.

जहाजं घेतली म्हणूनच तुर्कस्तान युद्धात पडला, असं म्हणणं मात्र खरं होणार नाही. एन्वर पाशा आणि त्याच्या जवळच्यांनी २ ऑगस्टलाच जर्मनीशी गुप्त करार केला होता, ब्रिटनचा रीतसर निरोप पोचायच्या आदल्या दिवशी. पण तुर्की मंत्र्यांत युद्ध नको म्हणणारेही बरेच होते. जहाजं गेल्यावर त्यांच्या बोलण्यात दम उरला नाही. कुणी इंग्रजांशी सलोख्याची गोष्ट काढली की समोरचा विचारणार, आमच्या जहाजांचं काय झालं? घरातल्या भांडणातही असंच होतं बघा. भांडण करायचं ज्याच्या मनात आहे त्याला एक दाखवण्यासारखं कारण लागतं. ते कारण दुसऱ्यानं आयतं हातात दिलं की समजूत घालणारी माणसं गप्प बसतात.

२९ ऑक्टोबरला सूशोनच्या हुकमानं तुर्की झेंडा लावलेल्या नौकांनी काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर तोफा डागल्या. २ नोव्हेंबरला रशियानं आणि ५ नोव्हेंबरला ब्रिटन-फ्रान्सनं तुर्कस्तानवर युद्ध पुकारलं.

आणि इथून ही गोष्ट आपल्या अंगणात येते.

इराणच्या आखातात अबादानला तेल शुद्ध करायचा कारखाना होता. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलाकडं वळत होतं. त्या तेल कंपनीचा निम्म्याहून जास्त हिस्सा ब्रिटिश सरकारनं नुकताच घेतला होता, आणि त्यामागंही चर्चिलच होता. ते तेल राखायला फौज पाठवायची ठरली, ती हिंदुस्थानातून. १६ ऑक्टोबर १९१४ ला, म्हणजे युद्ध पुकारण्याच्या तीन आठवडे आधीच, पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबई बंदरातून निघाली होती. ६ नोव्हेंबरला ती फाओला उतरली, आणि त्याच महिन्यात बसरा घेतलं. त्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. मागोमाग १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री गेली. यांतल्या १०३ व्या पलटणीला पुढं 'जंगी पलटण' म्हणून ओळख मिळाली.

सुरुवातीला सगळं सोपं वाटलं. टायग्रिस नदीच्या कडेनं फौज बगदादकडं सरकत गेली. पण नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडं तिचा मार्ग रोखला गेला आणि ती मागं फिरून कूत-अल-अमारा या गावी आली. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची ही फौज डिसेंबरात तुर्कांनी वेढली. १४७ दिवस वेढा चालला. धान्य संपत आलं. घोडे आणि खेचरं कापायची वेळ आली. आपल्याकडच्या शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवून ती त्यांना कळवण्यात आली, तरी कितीतरी जणांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत तोंडाला लावलं नाही. मूठभर जवाच्या पिठावर दिवस काढायचे आणि खंदकात बंदूक धरून उभं राहायचं. गावाकडं ज्याच्या आईनं ताटातली भाकरी कधी मोजली नव्हती, त्याला रोजचं पीठ तोळ्यावर मिळत होतं. विमानांतून पोती टाकून बघितली, ती पुरी पडली नाहीत.

२४ एप्रिल १९१६ च्या रात्री 'जुल्नार' नावाची बोट २७० टन धान्य घेऊन नदीतून वेढा फोडायला निघाली. ती वाटेतच अडकली आणि धान्यासकट तुर्कांच्या हाती लागली. तुर्कांनी तिचं नाव ठेवलं, अर्थ 'आपणहून आलेली'. न्यूकॅसलला गमावलेल्या जहाजांनंतर हे नाव ठेवताना त्यांना काय वाटलं असेल, ते सांगायला नको. पाचच दिवसांनी, २९ एप्रिलला कूत पडलं. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. त्यांना उन्हातान्हात वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो परत आले नाहीत.

दोन्हीकडचा हिशेब एकाच पानावर लिहून बघितला पाहिजे. १३ मे १९१५ च्या रात्री दार्दानेल्समध्ये 'मुआवेनेत-इ-मिल्लिये'नं ब्रिटिशांची 'गोलायथ' युद्धनौका पाणतीरांनी बुडवली, ५७० माणसं गेली. वर्गणीच्या पैशातून आलेली तीच बोट, 'राष्ट्राची मदत'. बांगडी देणाऱ्या बाईच्या मनात काय होतं? आपला किनारा राखला जावा, आपली पोरं सुखरूप राहावीत. तिच्या बांगडीनं दुसऱ्या बायकांची ५७० पोरं पाण्यात घातली. लोखंडाला दिलेलं सोनं शेवटी कुठल्या दारात जाऊन पडेल, हे देणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आपल्याकडच्या बायकांचाही त्यात वाटा होता. मुंबई इलाख्यात युद्ध मदत निधीची महिला शाखा निघाली होती. गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन तिच्या पुढाकारात होत्या. शिपायांसाठी कपडे शिवले जात, वस्तू जमवल्या जात. तिकडं बाई जहाजाला बांगडी देत होती, इकडं बाई त्या जहाजवाल्यांशी लढणाऱ्यासाठी सदरा शिवत होती. दोघींना एकमेकींचं नावगाव माहीत नव्हतं. दोघींच्या नावानं लढाई ठरवणाऱ्यांनी दोघींनाही विचारलं नव्हतं.

ज्या जहाजांपायी इतकं झालं, त्यांचं पुढं काय झालं? ३१ मे १९१६ ला जटलंडची मोठी आरमारी लढाई झाली. 'एजिनकोर्ट' तिथं होती. तिच्या सात बुरुजांना ब्रिटिश खलाशांनी रविवार ते शनिवार अशी वारांची नावं दिली होती. चौदा तोफा एकदम उडाल्या तेव्हा जहाजच फुटलं असं बघणाऱ्यांना वाटलं. पण त्या तोफांनी लढाईचा निकाल काही बदलला नाही. 'एरिन'नं तर त्या दिवशी आपल्या मोठ्या तोफांतून एक गोळाही टाकला नाही, तिथल्या ब्रिटिश युद्धनौकांत ती एकटीच अशी. १९२२ साली दोन्ही भंगारात विकल्या गेल्या. सात-आठ वर्षांचं आयुष्य. आणि जर्मनीनं डाव म्हणून दिलेली 'यावूज'? ती १९५० पर्यंत तुर्की आरमारात राहिली आणि सत्तरच्या दशकात मोडली.

रऊफ बेचं काय झालं, तेही सांगते. ३० ऑक्टोबर १९१८ ला तुर्कस्ताननं शस्त्रं खाली ठेवली. त्या तहावर तुर्कस्तानच्या वतीनं सही रऊफ बेनं केली, आणि ती सही झाली 'अ‍ॅगामेम्नॉन' या ब्रिटिश युद्धनौकेवर. चार वर्षांपूर्वी ज्याला आपल्या जहाजावर पाय ठेवू दिला नाही, त्याला ब्रिटिश जहाजावर बोलावलं ते हार लिहून द्यायला. पुढं १९२३ साली लोझानचा तह झाला. त्याचं ५८ वं कलम वाचण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये सांगितलेल्या आणि १९१४ साली ब्रिटिश सरकारनं ताब्यात घेतलेल्या युद्धनौकांसाठी भरलेले पैसे तुर्कस्तान परत मागणार नाही, असं त्यात लिहून घेतलंय. २४ जुलै १९२३ ला त्या तहावर सह्या झाल्या तेव्हा अंकाराच्या सरकारचा पंतप्रधान होता रऊफ. जहाजं गेली तेव्हा नदीच्या काठावर तोच, आणि पैशांवर पाणी सोडलं तेव्हा सरकारातही तोच.

जहाजांचं खातं असं एका कलमात बंद झालं. माणसांचं खातं बंद होत नाही. मराठा पलटणींची फेररचना १९२२ साली झाली. तेव्हापासून त्यांचं प्रशिक्षण केंद्र आपल्या बेळगावात आहे. आज आपण त्याला मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर म्हणतो. शहापुरातून कॅम्पाकडं जाताना पोरं कवायत करताना दिसतात, भरतीच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून आलेली गर्दी दिसते. त्या पलटणींच्या मानचिन्हांत मेसोपोटेमियातल्या लढायांची नावं आहेत. सातारा भागातल्या काही गावांत दगडी पाट्या आहेत, या गावातून अमुक माणसं महायुद्धाला गेली, त्यांतल्या अमुक जणांनी प्राण दिले. अशा पाट्यांवर बहुधा आकडाच असतो. मागं राहिलेल्या बायकांचा तर आकडाही नसतो. महिना अकरा रुपयांवर गेलेला नवरा, त्याचं पत्र येईना, पेन्शनचा कागद कुणाकडून वाचून घ्यायचा ते कळेना, पदरात पोरं, अशा घरांचा इतिहास कुठल्याच तहाच्या कलमात नाही.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगड, कुठल्याही गावात तुमचं माहेर असो. घरातल्या नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, आपल्याकडचं कुणी बसऱ्याला गेलं होतं का? पेटीच्या तळाशी एखादं पदक, एखादा पिवळा पडलेला कागद असतो. पोरं त्याच्याशी खेळतात, नाहीतर मोडीत जातो. त्यावरचं नाव वहीत उतरवून घ्या. त्याच्याबरोबर त्याच्या बायकोचं, आईचं नावही लिहा, कारण ते सरकारी कागदावर सापडणार नाही. राजांनी आणि मंत्र्यांनी जहाजांचे हिशेब नीट लिहून ठेवलेत, पौंडांत, टनांत आणि इंचांत. आपल्या घरांचा हिशेब आपणच लिहायचा आहे, आणि ज्यांना तो आठवतो अशी माणसं आता फार थोडी उरलीत.